चढावर उकळणारी गाडी

चिरंजीव : मिस्त्री, हात चालवा हो. अकराच्या आत अण्णांना दवाखान्यात भरती करायचंय.

मिस्त्री : इंजिन निवू द्या. आत्ता उघडलं तर अण्णांच्या आधी मी भरती होईन.

चिरंजीव : तिसरी तारीख आहे ऑपरेशनची. दोनदा दवाखान्याच्या चढावर गाडी उकळली, दोनदा अर्ध्यातून परत. पोटातली गाठ काही गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत नाही.

मिस्त्री : मग टॅक्सीने न्या की.

चिरंजीव : आणली होती. अण्णा दाराची चौकट धरून बसले. 'माझ्या गाडीतून, नाहीतर नाही.' ब्याऐंशी वर्षांचा माणूस चौकटीसकट उचलायचा कसा?

मिस्त्री : रेडिएटर साफ आहे, पंप फिरतोय. राहिला थर्मोस्टॅट. नवा आणलाय ना?

चिरंजीव : तीन आणलेत. चौऱ्याहत्तर अंशांचा, ब्याऐंशीचा, अठ्ठ्याऐंशीचा. दुकानदार म्हणाला, कुठलाही बसेल.

मिस्त्री : बसायला काय, पाहुणाही बसतो. काम करायला हवं ना! या जुन्या गाड्यांच्या थर्मोस्टॅटला खाली पत्र्याचा झगा असतो. पाणी तापलं की तो वर रेडिएटरची वाट उघडतो आणि झग्याने रेडिएटर टाळून जाणारी खालची आडवाट बुजवतो. तुमचे तिघेही बिनझग्याचे. पाणी आडवाटेने इंजिनातच घिरट्या घालणार.

चिरंजीव : मग काढूनच टाका तो! थर्मोस्टॅट नाही, कटकट नाही.

मिस्त्री : सगळ्यांना तसंच वाटतं. काढला तरी आडवाट उघडीच राहते, चढावर उकळायचं ते उकळतंच. आता निवलंय, खोलतो. ...अरेच्चा.

चिरंजीव : काय झालं?

मिस्त्री : तुमचा सल्ला कुणीतरी आधीच ऐकलाय. आत थर्मोस्टॅटच नाही.

चिरंजीव : नाही म्हणजे?

मिस्त्री : जागा रिकामी. वर गॅस्केट कोरं, हाताने कापलेलं. बोल्ट पुसून, ग्रीस लावून बसवलेत. हे गॅरेजचं काम नव्हे. आम्ही इतकं नीट करत नाही.

चिरंजीव : या गाडीला अण्णांशिवाय कुणी हात लावत नाही. मला आजवर पाना धरू दिला नाही त्यांनी.

मिस्त्री : अण्णा नोकरीत काय होते?

चिरंजीव : पंपहाउसवर फिटर. चाळीस वर्षं. ...अण्णा! जरा बाहेर या.

अण्णा : ओरडतोस कशाला? आजारी आहे मी, बहिरा नाही.

चिरंजीव : थर्मोस्टॅट कुठाय?

अण्णा : ज्याने खोललंय त्याला विचार.

चिरंजीव : अण्णा, पाया पडतो तुमच्या. डॉक्टर म्हणालेत, आज नाही आलात तर पुढे हात लावणार नाही. तुमच्या खोलीबाहेर उभा राहून श्वास ऐकतो मी. रोज.

अण्णा : माहितीय. चप्पल वाजते तुझी.

चिरंजीव : मग असं का?

अण्णा : तुझ्या आईला याच गाडीतून दवाखान्यात नेलं. तापमानाचा काटा जरासुद्धा हलला नाही. वेळेच्या आधी पोचलो. येताना मागची सीट रिकामी.

(मिस्त्री ड्रिल उचलतो.)

अण्णा : तू काय करतोयस रे?

मिस्त्री : चौऱ्याहत्तरवाला बसवतो. झगा नाही, म्हणून आडवाटेच्या पाइपात पितळी बूच ठोकतो.

अण्णा : गच्च? अरे शहाण्या, इंजिन गार असताना पाणी फिरणार कुठून? बुचाला मधोमध भोक पाड. आणि थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक, तीन मिलिमीटरचं. हवा कोंडते तिथे.

मिस्त्री : बरं, दोन भोकं.

अण्णा : बरं काय बरं! ड्रिल अशी धरतात? ठेव ती खाली. माझ्या गाडीत ठिगळं नकोत.

मिस्त्री : मग काय बसवू? माझी टोपी?

अण्णा : माझ्या उशाशी कवळीची जुनी डबी आहे. त्यात आहे तो. झग्यासकट. भोकही पाडलंय. परवा दुधाच्या पातेल्यात उकळून बघितला, बरोबर चौऱ्याहत्तरला उघडतो.

चिरंजीव : दुधाच्या पातेल्यात! तरीच चहाला वास येत होता. आणि आमची ही दूधवाल्याशी भांडून आली!

अण्णा : घासलं होतं मी पातेलं. जा, डबी आण. पिशवी भरलेली आहे, तीही घे.

चिरंजीव : मागच्या सीटवर उशी टाकू?

अण्णा : मागे नको. पुढे बसतो, तुझ्याजवळ. काट्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं.