पायलीभर मुरमुरे

तुम्ही मला घाबरट म्हणता ना, मग हे ऐकाच. लग्न होऊन सानगडीला आले आणि सासूबाईंनी पहिलंच काम सांगितलं, "चिवड्यासाठी पायलीभर मुरमुरे घेऊन ये."

दुकानात मुरमुरे मिळतात किलोवर. पायलीचे किलो किती, हे विचारलं तर 'एवढी शिकलेली सून आणि हेही येत नाही' म्हणतील, म्हणून मी गुपचूप घरातलं पायलीचं माप तांदळानं भरून त्या तांदळाचं वजन केलं. जवळपास तीन किलो भरले. मग दुकानात जाऊन अगदी ठामपणे तीन किलो मुरमुरे मागितले.

"दुकान टाकून राहिल्या का ताई?" दुकानदारानं विचारलं.

मी दचकले आणि "हो" म्हणून बसले.

त्यानं ठोक भाव लावला आणि माझ्या कमरेएवढं पोतं पुढ्यात ठेवलं. आता माघार कशी घेणार? पोतं कवेत धरून घरी आले.

"हे काय वं?"

"पायलीभर मुरमुरे, आई. वजन करूनच आणले."

"कायचं वजन?"

"तांदळाचं."

सासूबाईंनी शांतपणे एक पायली भरून काढली. पोतं होतं तसंच दिसत होतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "तुले कापूस आणाले नाही धाडलं."