न गेलेला सांगावा

दिनांक २८/१०/२०२५, सकाळी ११ वाजून १५ मिनिटे.

नाव वामन सीताराम पिंजरकर, वय ७४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त मराठी शिक्षक, राहणार राजापेठ, अमरावती, मूळ राहणार जुने शहर, अकोला.

पोलीस स्टेशनला समक्ष येऊन सांगतो की, माझे वडील अकोल्यास आमच्या समाजात सांगावा पोचवत असत. सांगावा म्हणजे कोणी वारल्याची खबर. एरवी वडील पायीच हिंडत, सायकल फक्त या कामाला काढत. तिचे मागचे मडगार्ड सैल होते. मोर्णेचा पूल उतरून गल्लीत वळताना ते खडखडे. तेवढ्या आवाजावर बाया हातचे काम टाकून दारात येत. वडील खाली न उतरता नाव आणि वेळ सांगत व पुढच्या घराला लागत. कोणाकडे पाणी घेत नसत. तो खडखडाट अजून माझ्या कानात आहे.

याचा तपासाशी काय संबंध, असे हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, वडिलांनंतर हे काम माझ्याकडे आले व आजतागायत माझ्याकडे आहे. अमरावती व अकोला मिळून आमची एकशे चाळीस घरे आहेत. मी वहीतल्या चौदा घरांना फोन करतो, ती चौदा घरे पुढे नऊ-नऊ घरांना कळवतात. मोबाईलवर आमच्या मंडळाचा ग्रुप आहे, पण मरणाची खबर माणसाच्या तोंडून यावी असा रिवाज आहे. सांगावा आल्याशिवाय कोणी अंत्ययात्रेला जात नाही. आल्यावर न जाणाराही कोणी नाही.

बहिष्काराच्या या तक्रारीतील तक्रारदार सहदेव हा आमच्या समाजाचा असून नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. तो माझा विद्यार्थी. चौथीत कविता म्हणताना डोळे मिटून घ्यायचा. त्याची पत्नी जमुनाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. मंडळाचे अध्यक्ष किशोरराव हे माझी धाकटी बहीण रागिणी हिचे पती आहेत.

एप्रिल महिन्यात किशोररावांनी त्यांची नात आचल हिचे लग्न अक्षय्य तृतीयेला ठरवले. मुलीचे वय सोळा होते. पत्रिकेचा मजकूर मी लिहिला. वय मला माहीत होते. पत्रिकेत वय लिहीत नाहीत. जमुनाबाईने किशोररावांच्या घरी जाऊन, दोन वर्षे थांबा म्हणून सांगितले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी चाइल्डलाइनला कोणीतरी फोन केला, अधिकारी आले व लग्न थांबले.

जूनमध्ये मंडळाची बैठक झाली. मी हजर होतो. किशोररावांनी सहदेवला उभे करून विचारले, "फोन तू केला का तुह्या बायकोनं केला?" सहदेव म्हणाला, "आमी नाही केला. पण केला असता तं काय वाईट झालं असतं?" हे कबुलीसारखेच आहे, असे सर्वांनी धरले. मीही धरले. त्याला ग्रुपमधून काढले. किशोरराव म्हणाले, "याच्या सुखात, दुखात, कोणी जायचं नाही." ठराव लिहू काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "मास्तर, असं काही लिहीत असतात काय?" म्हणून लेखी काही नाही.

दिनांक १२/१०/२०२५ रोजी रविवारी सकाळी सहा चाळीसला मला सहदेवचा फोन आला. तो म्हणाला, "गुरुजी, जमुना गेली. चार वाजता नेतो. सांगावा धाडा." मी हो म्हणालो. चष्मा लावला, वही काढली, पहिल्या नंबरावर बोट ठेवले. मग तो नंबर न लावता किशोररावांना लावला. असे का केले, या प्रश्नावर माझे सांगणे नाही.

किशोरराव म्हणाले, "मास्तर, तुमाले सकाळपासून कोणाचा फोन आला नाही. चहा प्या अन् पेपर वाचा." मी चहा ठेवला, तो उतू गेला. दुपारपर्यंत वही मांडीवर होती. एकही फोन केला नाही.

चार वाजता मी चौकात जाऊन पानठेल्याच्या आडोशाला उभा राहिलो. तिरडी आली. खांद्याला चौघे होते. कारखान्यातले दोघे, शेजारचे कुर्बान मिस्त्री आणि चौथा स्वतः सहदेव. आमच्यात मडके धरणारा खांदा देत नाही. पण चौथा माणूस नव्हता, म्हणून मडके त्याची मुलगी प्रणाली हिने धरले होते. मागे शेजारच्या व अंगणवाडीतल्या बारा-पंधरा बाया असतील, आमच्यातले कोणी नव्हते. प्रणालीच्या डोळ्यांत धूर जात होता व ती मनगटाने डोळे पुसत होती. तिने मला पाहिले. मी टोपी काढली. त्याहून जास्त काही केले नाही.

विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी आठ वर्षांपूर्वी वारली तेव्हा तीनशेवर माणसे आली होती. किशोररावांनी घरापासून स्मशानापर्यंत खांदा बदलला नाही. लहानपणी मी समाजाच्या वसतिगृहात जेवून शिकलो. मला या लोकांविषयी तक्रार नाही. मी त्यांच्यातलाच आहे.

सहदेवने तक्रार दिल्यानंतर दिनांक २५ रोजी किशोरराव दोन सभासदांसह माझ्या घरी आले. ते म्हणाले, "बहिष्कार-फहिष्कार काही नाही. सांगावाच आला नाही तं लोकं जातीन कसे? सांगावा तुमच्याकडं होता अन् तुमी विसरले. चौऱ्याहत्तर वय हाये, कोणी हसणार नाही." मी म्हणालो, "मी विसरलो नाही." ते म्हणाले, "ते आमाले माहीत हाये. तुमाले जबाबात सांगायचं हाये." जाताना त्यांनी माझ्या बीपीच्या गोळ्या पाहिल्या व संपत आल्या आहेत, संध्याकाळी पाठवतो, असे सांगितले. पाठवल्या. मंडळाने आपला साक्षीदार म्हणून आज मला इथे पाठवले आहे.

काल सकाळी सहदेव आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, लोकं म्हणून राहिले का तुमी विसरले. खरंच विसरले असान तं मी तक्रार वापस घेतो. मले कोर्ट-कचेरीची हौस नाही. तुमी मुद्दाम केलं, हे प्रणालीच्या मनातलं तेवढं जाईन." मी त्याला आत ये म्हणालो. तो म्हणाला, "नुसतं हो म्हणा गुरुजी, मले पुरते." माझ्याने हो म्हणवले नाही, नाही म्हणवले नाही. तो म्हणाला, "चौथीतल्या कविता तुमाले अजून पाठ हायेत," आणि गेला. म्हणजे किशोररावांना मी विसरलेला हवा होतो, आणि सहदेवलाही.

मला विसरण्याचा आजार आहे काय, असे साहेबांनी विचारले. पुरावा म्हणून मी १९६० सालच्या चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता सबंध म्हणून दाखवली. तिसऱ्या कडव्याला हवालदार साहेबही सोबत म्हणत होते, त्यांना ती त्यांच्या आईने शिकवली होती. हे जबाबात घेण्याची गरज नाही असे ते म्हणाले. मी घ्या म्हणालो.

तरी मी सांगतो की, मी विसरलो नाही. सांगावा मला मिळाला होता, तो मी जाणूनबुजून पुढे धाडला नाही, आणि किशोररावांनी सांगितले म्हणून धाडला नाही. असे सांगितल्यास गुन्ह्यात तुमचेही नाव येऊ शकते, हे साहेबांनी मला दोन वेळा समजावले. ते मला समजले आहे. माझ्या मरणाचा सांगावा आता कोण धाडील, हे मला माहीत नाही. वही सोबत आणली आहे, ती जमा करून घ्यावी. वडिलांच्या वेळची नावे त्यात पहिल्या पानावर आहेत.

जबाब संगणकावर घेतला असून मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. काही शब्द साहेबांचे आहेत, पण सांगणे माझेच आहे व ते खरे आहे. साक्षीदाराची सही घेत नाहीत, असे कळल्याने सही केली नाही.

वरील वाचन संपते वेळी, दुपारी १ वाजता, माझी बहीण रागिणी, वय ६६, ही दारात येऊन उभी राहिली. सोबत कोणी नव्हते. ती एकटी ऑटोने कधी कुठे गेल्याचे मला आठवत नाही. हेही टाइप करावे, असे मी सांगितल्यावरून लिहिले आहे.

मी तिला विचारले, "किशोररावांनी पाठवलं काय?"

"त्यायले माहीत नाही," ती म्हणाली, व हवालदार साहेबांकडे वळली. "आचलच्या लग्नाचा फोन सहदेवनं नोता केला, जमुनानंबी नोता केला. म्या केला होता." मग मला म्हणाली, "दादा, सरका थोडं, मले बसू द्या."