गुप्तेसाहेब, तुम्ही बसा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दयाराम भोईरसाहेब, प्रमुख पाहुणे आणि आपल्या संघातल्या निम्म्या लोकांच्या हृदयाचा कारभार ज्यांच्याकडे आहे ते डॉ. सत्यजीत कर्णिक, सत्कारमूर्ती श्री. कृष्णकांत गुप्ते, त्यांना न्यायला नागपूरहून आलेली त्यांची लेक रुचिरा, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सर्व ज्येष्ठ मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाची कार्यवाह म्हणून गुप्तेसाहेबांबद्दल चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला आहे. मी कुमुद, आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. त्यामुळे माझ्या चार शब्दांतले दोन हुकूम असतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

गुप्तेसाहेबांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलं. सहलीची आठवण मात्र कोणी सांगितली नाही. उरणच्या सहलीला बसमध्ये एक जागा कमी पडली, तेव्हा कोण उभं राहिलं? तेव्हाचे आपले अध्यक्ष, हेच गुप्तेसाहेब! तेही येता-जाता. पळस्प्याला चहासाठी थांबलो, तर तिथेही हे उभेच. "सगळ्यांचा झाला का चहा?" शेवटचा कप हातात पडेपर्यंत हा माणूस टेकत नाही. आजसुद्धा स्वतःच्या निरोपाच्या खुर्च्या स्वतः मांडत होते. अहो, नवरदेव कधी मांडव घालतो का?

तुम्ही हसताय. मी हसत नाही. कारण याच सवयीने गेल्या गणपतीत आपला जीव टांगणीला लागला होता.

तेव्हा जे इथे नव्हते त्यांच्यासाठी सांगते. याच सभागृहात संध्याकाळची आरती चालू होती, ताट गुप्तेसाहेबांच्या हातात. यांना अंजायना आहे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत दुखतं. त्यासाठी जिभेखाली मारायचा फवारा डॉक्टरांनी दिलेला आहे. छातीत कळ आली तशी यांनी ताट आपल्या सभागृहाची देखभाल करणाऱ्या सोनाबाईंच्या हातात दिलं, खिशातून फवारा काढला, उभ्याउभ्याच तोंडात मारला आणि टाळ्या वाजवायला लागले. का? तर आरतीत बसायचं कसं! आपल्याकडे एक आरती संपते तोच कोणीतरी दुसरी सुरू करतो. तिसऱ्या आरतीला गुप्तेसाहेब कोसळले. चौरंगाची कड कपाळाला लागली. ती खूण इथून दिसते आहे.

डॉक्टरांनी मग समजावलं. या औषधाने रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो, उभ्या माणसाला घेरी येते. म्हणून आधी बसायचं, मग फवारा. आणि आमच्या सोनाबाईंनी काय सांगितलं? कपाळाला फडकं दाबून धरत त्या म्हणाल्या, "काका, बसाचा ना खाली! बसलेला मानूस देवाला दिसत नाय काय?"

गुप्तेसाहेब बसायला शिकले, पण भलताच धडा घेऊन. लोकांसमोर पडलो, आता लोकांसमोर घ्यायचाच नाही. तेव्हापासून छातीत दुखलं की हे म्हणतात, "आलोच हां, हात धुऊन येतो." आणि संडासात जाऊन आतून कडी लावतात. एकदा मी त्या दाराबाहेर उभी होते. हाक मारली तर उत्तर नाही. मी दारावर थापा मारत राहिले. मग कडी निघाली आणि हे हसत बाहेर आले. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

रुचिरा, तुझ्या घरी त्यांची ही खोड कोणाला माहीत नाही. तिथे हे हात धुवायला गेले, तर दारावर थाप कोण मारणार? म्हणून आज या भरल्या सभागृहात मला त्यांच्याकडून शब्द हवा आहे. मी किती वेळा विनवलं, भांडले, काही उपयोग झाला नाही. तर गुप्तेसाहेब...

गुप्तेसाहेब, कुठे निघालात?

हात धुवायला? अजून चहासुद्धा आलेला नाही! तो हात छातीवर का आहे?

बसा. माझ्याकडे बघू नका, खाली बसा. डॉक्टर, तुम्ही जरा त्यांच्या शेजारी जा. रुचिरा, रडू नकोस, त्यांच्याजवळची पेटती समई आधी बाजूला घे. या फवाऱ्यात अल्कोहोल असतं, ज्योतीजवळ मारायचा नाही.

लोकांनी बघितलं तर बघू दे. ही सगळी माणसं तुमच्यावर प्रेम करतात म्हणून आली आहेत. काढा खिशातून. मारून बघितला होता ना सकाळी? बरेच दिवस वापरला नाही तर पहिला फवारा फुसका जातो, म्हणून आधी हवेत मारून बघायचा. जीभ वर. श्वास आत ओढायचा नाही, धरून ठेवा. मारा. तोंड मिटा.

रुचिरा, घड्याळ बघ. पाच मिनिटं.

मंडळी, कोणी उठू नका, गर्दी करू नका, त्यांना वारा लागू द्या. मी बोलत राहते, तुम्ही जागेवर बसून ऐका. डॉक्टरांनी यांना सांगून ठेवलं आहे: पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरा फवारा. त्यानंतरही पाच मिनिटांत थांबलं नाही, तर एकशे आठला फोन. दुखणं वाढत गेलं, घाम फुटला, तर तेवढंही थांबायचं नाही. मुलाला विचारू, शेजाऱ्यांची गाडी बघू, असलं काही नाही. ज्यांच्याकडे असा फवारा आहे, त्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून आपलं प्रमाण विचारून घ्या. आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मैत्रीत दुसऱ्याचा मारून घेऊ नका. ती बडीशेप नाही.

आणखी एक. हे गुप्तेसाहेबांना उद्देशून नाही, सगळ्या पुरुष मंडळींना आहे. ताकदीच्या म्हणून ज्या गोळ्या मिळतात, गुपचूप आणता त्या, त्या पोटात असताना हा फवारा मारला तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस जाऊ शकतो. मागच्या रांगेत कोणाला खोकला आला? येऊ दे. डॉक्टरांना आज सांगा, कानात सांगा, पण सांगा. लाजेपायी मेलेल्या माणसाचं कौतुक करायला मी या माइकवर उभी राहणार नाही.

झाली पाच मिनिटं? गुप्तेसाहेब, कसं वाटतंय? नुसती मान हलवू नका, तोंडाने बोला. डॉक्टर, हा माइक घ्या, त्यांच्यापुढे धरा.

"गेलं. डोकं तेवढं ठणकतंय."

ऐकलंत? गेलं! डोकं ठणकतं या औषधाने, ते उतरेल. उठू नका म्हटलं ना! डॉक्टर म्हणत आहेत, आज हे दुखणं सहज घ्यायचं नाही. इथून थेट तपासायला न्यायचं, खुर्चीवर बसवून. नागपूरचं नंतर बघू. रुचिरा, चालेल ना? चालणारच.

तर आता सत्कार लवकर उरकू. शाल-श्रीफळ घ्यायला सत्कारमूर्तींनी उभं राहायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. आज ती मी मोडते आहे. अध्यक्षसाहेब, शाल तुम्ही त्यांच्यापर्यंत न्या. सोनाबाई, नारळ तुम्ही द्या, तुमचा हक्क आहे.

माझ्या भाषणाचा आज पार विचका झाला. अध्यक्षांना मध्येच कामाला लावलं, पाहुण्यांवर आवाज चढवला, जे चारचौघांत बोलत नाहीत ते बोलले. तुम्ही सर्वांनी शांतपणे साथ दिलीत, तुमची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. एका गोष्टीची माफी मात्र मागणार नाही, मी त्यांना जाऊ दिलं नाही त्याची.

गुप्तेसाहेब, आयुष्यभर तुम्ही आमच्यासाठी उभे राहिलात. मंडळी, ज्यांना जमेल त्यांनी उभे राहा. गुप्तेसाहेब, तुम्ही बसा.