खालच्यांना विचारा

...अहो, दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर फोन होता, चांगला चालू फोन, आणि तरी जिने कोण चढतंय? मी! तुम्हाला सांगतो, आमच्या हिला कॅन्सर आधीपासून होताच, किमो चालू होती, त्यात त्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता छातीवर हात ठेवून मटकन खाली बसली. हार्ट अटॅक. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय?

हृदयवाले वरच्या मजल्यावर. त्यांचा आवाज घागरीतून आल्यासारखा. "रक्तवाहिनी बंद आहे, स्टेंट घालू, पण मग रक्त पातळ करायच्या गोळ्या आल्या. झेपतील का, ते खालच्यांना विचारा." खाली कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई, त्या अगदी हळू बोलणार, "किमोनं प्लेटलेट उतरल्यात हो, रक्त यायला लागलं तर थांबायचं नाही... गोळ्या किती दिवस, ते वरच्यांना विचारा." मी वर. "प्लेटलेट किती, खालच्यांना विचारा." मी खाली... अहो, मी नवरा का निरोप्या? आणि तिकडे ही, तोंडावरचा मास्क सरकवून मलाच म्हणते, "दम लागलाय तुम्हाला, जरा बसा, नाहीतर शेजारची खाट तुम्हालाच देतील."

बसलो. मधल्या जिन्यात, भर पायरीवर. रडू यायला लागलं म्हणून बसलो, खोटं कशाला सांगू? नर्सला म्हटलं, आता मी हलत नाही, ज्याला विचारायचंय त्यानं इथे यावं. आणि आले की हो! वरचे उतरले, खालच्या चढल्या, आणि माझ्या डोक्यावरून दोघं बोलले. "स्टेंट घालू, दोन गोळ्या महिनाभरच, मग एकच, किमो तोवर थांबवू." झालं. एवढंच होतं!

स्टेंट घातला. वाचली. घरी सोडायच्या दिवशी हृदयवाले खूश, "झकास! या हृदयाची आता वीस वर्षं काळजी नाही." ही खाटेवर बसून चप्पल घालत होती. डोक्यावर केस नाहीत, आणि पाऊल इतकं वाळलेलं की चप्पल पायात राहीना. मी हळूच विचारलं, "आणि... ही, डॉक्टर?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"ते... खालच्यांना विचारा."

जिने तर पाठ झाले होते मला. पण त्या दिवशी हिला घेऊन लिफ्टनं आलो, थेट तळमजल्याला. मधे, खालच्यांच्या मजल्यावर, थांबवलीच नाही.