पंचवीस सेकंद

— नाही, तू बस रे आधी. रिक्षा राहू दे त्या लिंबाखाली, कोण नेतंय. अकराचा कार्यक्रम म्हणजे साडेबाराशिवाय माइकला कुणी हात लावत नाही — पाहुणे धाराशिवहून निघणार, मधे बार्शीत चहाला थांबणार, मग इथं परंड्यात येऊन किल्ला बघायचाय म्हणणार. कृष्णराजला काय, मंडळाचा अध्यक्ष आहे, फोन केला की झालं. पण मला न्यायला त्यानं तुलाच का पाठवावं, मल्हार? गावात दुसरी रिक्षा नव्हती? नाही, तसं नाही — तू आलास ते बरंच झालं. म्हणजे बरं झालं असं नाही — बस. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लंगडतो. इकडं बस.

हे बघ, भाषण. अकरा पानं आहेत. आपल्या मंडळाला पन्नास वर्षं झाली, तर सरांनी सांगावं म्हणे, की पन्नास वर्षांतला आपला सगळ्यात लाडका खो-खोपटू कोण. लाडका बरं का, उत्तम नव्हे. तिथंच मी चार दिवस अडकलो. उत्तम विचारलं असतं तर सोपं होतं — कोण किती मिनिटं पळला, कुणी किती गडी बाद केले, बेरीज करायची, भागायचं. संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला तेवढं जमायला हरकत नाही. तशी शंका मला त्याचीही येते, पण ते असो. लाडका कसा मोजायचा? म्हणून मी काय केलं, दोन सकाळी कोंडीरामच्या हॉटेलात जाऊन कोपऱ्यात बसलो आणि म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकलं. तिथं जुने खेळाडू अजून रोज पळतात. बातमी बारामतीची चालू असो की बाजारभावाची, कुणीतरी म्हणतंच — पण आपला गुंडाप्पा...

गुंडाप्पा का लाडका? तर तो गेला नाही म्हणून. मुंबईच्या मोठ्या संघाचं पत्र आलं होतं त्याला, नोकरीसकट. गेला नाही. लोक सांगतात, गावच्या मातीसाठी राहिला. मी त्याला विचारलं होतं एकदा. म्हणाला, सर, मला एसटी लागती. कुर्डुवाडीपर्यंत जायचं तरी पिशवी धरून बसावं लागतं, मुंबईला काय जातो. — हे मी भाषणात घातलेलं नाही. लोकांना कुणीतरी न गेलेला लागतो, तो त्यांना मिळालाय, मी कशाला मधे पडू. आणि शांतलिंग — आठवतो ना, केस मानेवर, कपाळाला तांबडा रुमाल, मागं लागलेल्या गड्यापुढं उभं राहून केस सारखे करायचा. दोन हंगाम खेळला फक्त. मी सगळे जुने कागद काढून सरासरी काढली. एक मिनिट चाळीस सेकंद. सामान्य म्हणावी अशी. पण कोंडीरामच्या हॉटेलात तो आता पाच मिनिटं पळतो. दर वर्षी दहा-वीस सेकंदांनी वाढतोय. मी मेल्यावर एखादा अख्खा डाव एकटा काढेल. हसलास? हस, हस. मीही लिहिताना हसलो होतो.

मग शिवप्पा. त्यानं काय केलं? काही नाही. सूर मारला. एका सामन्यात मी मोजलेत, अकरा वेळा अंग झोकून दिलं आणि गडी एकही हाताला लागला नाही, पण टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त. गुडघ्यातून रक्त चाललंय आणि हा परत सूर मारतोय. लोकांना हुशारी दिसत नाही, मल्हार, खरचटलेलं दिसतं. मीही तसाच आहे म्हणा. मी काही फार वेगळा नाही. मैदानाच्या कडंला उभं राहून शिकलो मी सगळं, कधी पळालो नाही. मला काय अधिकार — बरं, ते जाऊ दे.

तर असे सगळे झाले. न गेलेला, नखऱ्याचा, रक्तबंबाळ, आणि एक जो तरुणपणीच वारला नि म्हणून कधी दमला नाही. आठ पानं झाली. मग नवव्या पानावर मी लिहिलं की आणखी एक असतो. प्रत्येक मंडळाला एक असतो. ज्याच्यामुळं आपण हरलो तो. तोही लोकांना हवा असतो, किंबहुना — तोच जास्त हवा असतो. हरल्याला काहीतरी नाव लागतं ना. नुसतं हरलो म्हणून माणसाला झोप येत नाही, अमक्यामुळं हरलो म्हटलं की येते.

उठू नको. नाही, अजून वेळ आहे, अरे बस. ते नववं पान भाषणात नाहीच. काढलं मी ते. म्हणजे फाडलं नाही, घडी करून या खिशात ठेवलंय. आज तिथं वाचायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि रात्रभर — आणि आता तूच दारात. मला वाटलं कृष्णराजनं मुद्दाम पाठवलं. पण त्याला काय ठाऊक. कुणालाच ठाऊक नाही.

परवा कोंडीरामचा नातू परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पेढे आणायला निघाला, तर कोंडीराम काय म्हणाला माहितीय? उगं मल्हार करू नको. पोरगं थांबलं. त्याला ठाऊकही नसेल मल्हार कोण. बाजारात ऐकलंय मी, कांद्याचा भाव फुटायच्या आधी कुणी बेत करायला लागला की — मल्हार करू नको. निवडणुकीत गुलाल आधी आणला की — मल्हार करू नको. तुझ्या रिक्षात बसूनही म्हणत असतील लोक, तुला. म्हणतात? ... हं. आणि तू काय करतोस? ... आरसा सारखा करतोस. बरोबर आहे, दुसरं काय करणार.

एकतीस वर्षं झाली. किल्ल्याच्या खंदकाकडच्या मैदानावर, समोर धाराशिवचा संघ. बरोबरी होती. सामना बरोबरीत सुटला तरी गुणतक्त्यात आपण वर होतो, राज्य स्पर्धेला आपणच जाणार होतो. त्यांना एक गडी हवा होता, आपल्याला फक्त वेळ. आणि आत तू एकटा उरलास. तीन मिनिटं वर दहा सेकंद पळाला होतास तोवर — मी बघितलंय, तसं पळणं पुन्हा बघितलं नाही, भाषणात नसलं तरी तुला सांगतो. पळणाऱ्याला घड्याळ दिसत नसतं. आपल्या मंडळाची पद्धत अशी, की खांबामागं एकच माणूस उभा राहणार, वेळ तोच ओरडणार, आणि पळणाऱ्यानं दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. तो माणूस मी. का? तर सर शिकलेले, सरांचा आकडा चुकणार नाही.

दोन मिनिटं उरली असताना त्यांचा एक गडी खांबाला धडकला, पडला, पंचांनी हात वर केला. वेळ थांबवायला केला, हे तिथल्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळलं असेल. मला वाटलं — वेळ थांबवायला, की पाणी मागवायला? नियमाप्रमाणं शिटी व्हायला हवी, शिटी झाली की नाही, गोंगाटात मला ऐकू आली नसेल का — आणि हा विचार चाललाय तोवर माझं घड्याळ चाललेलंच. खेळ परत सुरू झाला तेव्हा मला कळलं. माझं घड्याळ पुढं गेलं होतं, मग मी मनात वजाबाकी केली. पंचवीस सेकंद. बरोबर केली होती रे. पंचवीसच होते. पण मग वाटलं, घाबरून करतोय आपण, घड्याळ कसं चुकेल, आणि मी ते पंचवीस परत मिळवले. आणि ओरडलो. वीस. दहा. पाच. झालं.

तू थांबलास. हात वर केलेस. तोंड आमच्याकडं, हसत. आणि त्यांच्या त्या पोरानं मागून येऊन तुझ्या पाठीवर हात टेकवला, अगदी हळू, त्यालाही लाज वाटली असावी. आणि शिटी त्याच्यानंतर — तूही ऐकलीस.

हे इतकंच सांगणार होतो मी. चूक झाली, माणूस आहे. पण निवडीचे लोक आले होते ना त्या दिवशी, ज्यांच्या यादीवर पुढं खेळाडूंना नोकऱ्या लागायच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं — सर, तुम्ही वेळ बरोबर सांगत होतात ना? आणि मी म्हणालो, हो. म्हणालो, मी बरोबरच सांगत होतो, पोराचा धीर सुटला. धीर सुटला हा शब्द माझा आहे, मल्हार. तसं त्यांनी विचारलंही नव्हतं. मी नुसतं हो म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. तू लांब होतास, पाणी पीत होतास, तुला ऐकू गेलं नसेल. त्यांनी माझ्या देखत पेन काढून तुझं नाव खोडलं. त्या यादीतले बाकीचे दोघं आता पेन्शनीत निघालेत. आणि तू माझी वाट बघत बसलायस, रिक्षा घेऊन.

बोल काहीतरी. शिव्या दे. मी तुझा सर आहे हे नको बघू, दे. ... काय?

... तुला ठाऊक होतं?

कधीपासून? ... त्याच दिवसापासून. हां — वेळाधिकाऱ्याच्या टेबलापाशी घड्याळ बघितलंस तू. मग बोलला का नाहीस? एकतीस वर्षं लोक तुझ्या नावानं — अरे, नुसतं बोट केलं असतंस माझ्याकडं, लोकांनी विश्वास ठेवला असता, आईची शपथ, मीच कबूल झालो असतो. झालो असतो का? ठाऊक नाही. पण का नाही बोललास? ... लहान गटातल्या पोरांसाठी? म्हणजे? ... सरांचा आकडा चुकतो म्हटल्यावर उद्या खांबामागनं सर ओरडले तर त्यांनी कुणाच्या भरवशावर पळायचं. असं. असं म्हणतोस.

मल्हार, मी त्या दिवसानंतर खांबामागं उभाच राहिलो नाही. एकदाही नाही. घड्याळ कपाटात टाकलं, कृष्णराजला सांगितलं डोळ्यांचं कारण. ती पोरं कुणाच्याच भरवशावर पळाली नाहीत. दोन हंगामांत लहान गट बंद पडला, पुढं मंडळही नावालाच राहिलं, आज तिथं पन्नास वर्षांच्या बॅनरखाली बसणाऱ्यांतला एकजणही आता पळत नाही. तू ज्याच्यासाठी गप्प बसलास ते मी दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं होतं. आणि तुला हे माहीत होतं, रोज बघत होतास, मैदान रिकामं. तरी नाही बोललास.

वाचू का मग आज? नववं पान? तू म्हणशील तसं. ... नाही, मान हलवू नको, तोंडानं सांग. ... कुणाला काय फरक पडतोय म्हणतोस. पडत नाही. खरंच पडत नाही. कोंडीराम उद्याही तेच म्हणेल, शब्द काही परत घेता येत नाही तोंडातनं. तुझी नोकरी येणार नाही. म्हणजे वाचलं तर फक्त मला बरं वाटणार, एवढंच.

फोन वाजतोय तुझा. कृष्णराज असेल. नाही, तू उचल. सांग, सरांना बरं वाटत नाही. सांग, रक्तदाब वाढलाय. खोटं नाही ते. ही दहा पानं घेऊन जा, त्यालाच वाचू दे, त्याचा आवाज चांगला आहे. लाडका म्हणून शेवटी गुंडाप्पाचं नाव आहे, सगळ्यांना पटेल. नववं राहू दे माझ्याकडं.

भाडं? ... नको म्हणतोस. बरं. जा आता. दार ओढून घे — आणि पळवू नको रिक्षा, सावकाश जा. अजून वेळ आहे.