रत्नामावशीचं भूत

माझी रत्नामावशी टीव्हीवर भूत झाली होती, ते सांगितलंय का तुम्हाला? ती रेवदंड्याच्या बाजारात मासे विकते. एका गाजलेल्या कौटुंबिक मालिकेतल्या इन्स्पेक्टरला स्वतःची वेगळी मालिका मिळाली होती. त्यात तो भुताखेतांचे गुन्हे शोधायचा. शूटिंग शेजारच्या चौलला चालायचं आणि छोट्या कामांना आसपासचीच माणसं घ्यायचे. नवऱ्याने होडीतून ढकलून मारलेल्या बाईचं भूत मावशीने केलं. काम एकाच भागाचं होतं, पण लोकांना ती इतकी आवडली की भूतच इन्स्पेक्टरला तपासात मदत करू लागलं. बाजारातल्या बायका तिला बजावायच्या, "रत्ने, त्या मेल्या नवऱ्याला सोडू नको हां!"

पुढे प्रेक्षक घटले. मग भुतं कमी झाली, तपास मागे पडला आणि सासवा-सुना आल्या. मी मावशीला स्कूटरवरून शूटिंगला सोडायला गेलो होतो, त्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "ताई, आनंदाची बातमी! तुम्ही बुडालाच नव्हतात. आता घरी परतायचं, नवऱ्याला माफ करायचं आणि जेवायला वाढायचं."

"ज्याने बुडवलं त्याला?"

"बायकांना आवडतं असं."

"कंच्या बायकांना? आमच्या बाजारात तर एकीला न्हाय आवडायचं. साहेब, मला परत मारा."

"अहो, मेलात तर काम जाईल."

"जाऊ दे. माझा मासळीचा धंदा हाय."

दुसऱ्या दिवशी मावशी पाटी घेऊन बाजारात बसली. मालिकेत तिला परत बुडवलं, आणि नवऱ्याला जेवायला वाढायला दुसरी बायको आणली.