भगिनी शहराचं घड्याळ

रात्रपाळी करून निघालेल्या नर्सबाईंना बसच्या रांगेत उभ्या उभ्याच डुलकी लागत होती. पुढच्या काकांचं आणि एका ताईंचं बोलणं ऐकून मात्र त्यांचे कान टवकारले.

"काका, थांब्यावरच्या घड्याळात तीन वाजलेत! आत्ता तर नऊ वाजायचेत."

"ते तिकडचे, पहाटेचे तीन. परदेशातल्या एका शहराशी आपल्या नगरपालिकेनं बहिणीचं नातं जोडलंय ना, त्यांची भेट आहे ती."

"कुणाला उपयोग त्याचा?"

"मला आहे की! तिकडचा एक पाहुणा आठवडाभर आमच्याकडे उतरला होता. आत्ता तो घोरत असणार, हे इथूनच कळतं."

"त्याच्याशी बोलता कसे?"

"दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे झकास जमतं."

"मग आपण काय दिलं त्यांना?"

"आपली वेळ दाखवणारं घड्याळ. चार दिवसांत बंद पडलं."

"अगंबाई! नाकच कापलं गेलं की आपलं."

"छे, बरंच झालं! तेव्हापासून तो रोज उठल्याउठल्या मला फोन करतो, तुमच्याकडे किती वाजले म्हणून."

"पण तिकडे घड्याळ दुरुस्त करणारा कुणी नाही का?"

"आहे ना. तोच."